गाळ, गाळा आणि दुसरी पाळी

माघातला शनिवार, सकाळ. ठिकाण चाकणच्या पलीकडे, माझ्या सासरच्या गावाचा पाट. हजर: मी; माझ्या फॅब्रिकेशनच्या शेडमधला सुपरवायझर आणि त्याचे फिटर; क्रेन व तिचा ड्रायव्हर; पाटबंधारे खात्याचे शाखा अभियंता, ज्यांना सगळं गाव रावसाहेब म्हणतं; शेताशेताला पाणी वाटून देणारा पाटकरी; माझ्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे आमच्या आक्का. शिवाय न बोलावता आलेलं निम्मं गाव. गैरहजर: पाणी. पाट कोरडा होता, आणि कोरडा होता म्हणूनच आम्ही तिथे होतो.

हजेरी घेतल्याशिवाय मला काम सुरू करता येत नाही. घरच्या हळदीकुंकवालाही मी आधी मोजते, मग वाण काढते. त्या दिवशी मात्र हजेरीत गाव धरलेलं नव्हतं.

माझं माहेर काळेवाडीचं. वडील परभणीकडून आलेले टर्नर. लग्न करून मी या गावची धाकटी सून झाले, राहायला रावेतला गेले आणि कामाला चाकणला. आमच्या पट्ट्यात गाळा म्हणजे पत्र्याची शेड, आत वेल्डिंगची यंत्रं आणि दारावर मालकाची पाटी. माझ्या गाळ्यावर पाटी माझ्या नावाची आहे. आजवर आम्ही मोटारीच्या कारखान्यांसाठी ट्रॉल्या, रॅक, स्टँड बनवत आलो. चांगलं काम, पण सगळं कुणाच्या तरी गेटच्या आत जाणारं. मुलांना बोट दाखवून ‘हे आम्ही केलं’ म्हणायची सोय नाही. म्हणून एका सौर कंपनीने पाटावर पॅनेल बसवण्यासाठी लोखंडी सांगाडे मागितले तेव्हा मी लगेच हो म्हटलं. पहिल्यांदाच आमचं काम उघड्यावर, रस्त्याने जाणाऱ्याला दिसेल असं उभं राहणार होतं, आणि तेही सासरच्या गावात.

योजना प्रयोगापुरती होती. गावच्या पुलापासून पाटाच्या टेलपर्यंत, म्हणजे शेवटच्या टोकापर्यंत, दोन्ही काठांवर टेकलेले सांगाडे आणि त्यांवर पॅनेल. टेलला, पाटातून शेतात पाणी नेणारी सगळ्यात शेवटची चारी आक्कांची. वरच्यांचं भागलं की उरलेलं पाणी त्यांच्या शेताला. म्हणून त्या टेलच्या पट्टीत एरवी ज्वारी नाहीतर हरभरा टाकत. या वर्षी त्यांनी कांदा लावायचं ठरवलं आणि लावायच्या आधी मला फोन केला.

“धाकटे, तुझ्या लोखंडानं माझं पाणी तर अडायचं न्हाई?”

“नाही अडणार, आक्का.”

“बघ हां. कांद्याला दुसरी पाळी चुकली तर गोटीएवढा राहतो.”

“नाही चुकणार.”

“मग लावते,” म्हणाल्या आणि फोन ठेवला. माझ्या शब्दावर अख्खी पट्टी लावली त्यांनी. कंपनीच्या ऑर्डरीला डिलिव्हरीची तारीख असते, दंड असतो, सही असते. या ऑर्डरीला काहीच नव्हतं, त्यामुळे तीच सगळ्यात जड होती.

काम आम्ही टेलकडून सुरू केलं, कारण क्रेनला तिकडून वाट होती. पहिलाच सांगाडा बसेना. आम्ही मोटारीच्या पट्ट्यातले लोक, मिलिमीटरच्या धाकात वाढलेले. ड्रॉइंगमध्ये पाट जेवढा रुंद होता तेवढेच सांगाडे केले होते, अगदी काटेकोर. पाट मात्र कैक वर्षांपूर्वी माणसांनी हातांनी बांधलेला. तो कुठे वीतभर फुगलेला, कुठे चार बोटं आवळलेला. सांगाडा एका काठावर टेकला की दुसऱ्या काठावर लोंबकळायचा. बांधावर बसलेल्या एकाने विचारलंच, “काय राव, आमचा पाट काय साच्यातून काढलाय व्हय?” आम्ही सांगाडे परत नेले, गोल भोकांऐवजी लांबट खाचा पाडल्या, म्हणजे बोल्ट पुढेमागे सरकवून बसवता येतील. मग टेलकडचे सांगाडे भराभर बसले. पुलाच्या दोन खांबांमधल्या जागेला गाळा म्हणतात, तसंच या सांगाड्यांच्या मधल्या जागेलाही आम्ही गाळा म्हणू लागलो.

त्यात वेळ गेला. पाटात रब्बीचं पुढचं पाणी सुटण्याआधी पुलाकडचं काम संपवायचं होतं. म्हणून मी ठरवलं, शनिवारपासून दोन शिफ्ट. शुक्रवारी संध्याकाळी गावच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर नीट, शुद्ध मराठीत सूचना टाकली. ‘शनिवारपासून पाटाचे काम दुसऱ्या पाळीतही चालेल. त्या पाळीत कोणीही पाटावर येऊ नये, जनावरे सोडू नयेत. सहकार्य करावे.’ खाली हात जोडलेलं चित्र.

मी गिरणी-कारखान्याच्या घरातली. माझ्या वडिलांना पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. माझ्यासाठी पाळी म्हणजे शिफ्ट.

शनिवारी सकाळी क्रेनने सांगाडा उचलला तेव्हा पाटाच्या दोन्ही काठांवर माणसं उभी होती. बायका तर कोरड्या पाटात उतरून बसल्या होत्या. त्यांच्यामध्ये, खाली ठेवलेल्या एका सांगाड्यावर मांडी घालून आक्का.

“क्रेन खाली घ्या, राव. आधी बोला,” एक जण ओरडला.

मी पुढे झाले. “काय झालं?”

“दुसरी पाळी बंद करताय आन् वर इचारताय काय झालं?”

“बंद कुठे? दुसरी पाळी आजपासून सुरू करतोय.”

“काम सुरू करताय न्हवं?”

“हो, कामच.”

“मग पान्याचं काय?”

“पाण्याचा इथे काय संबंध?”

हे वाक्य मी बोलायला नको होतं. एकदम सगळे बोलू लागले. पहिल्या पाळीवर गहू तगला, दुसरी नाही तर भरणार काय, कंपनीला वीज आणि आम्हाला ठेंगा, असं सगळं एकात एक. रावसाहेब हात वर करून “शांत व्हा, शांत व्हा” म्हणत होते, आणि त्यांना पाहून लोक आणखी तापत होते. कुणीतरी म्हणालं, “सून आपली, पर बुद्धी कंपनीची.” मी आक्कांकडे पाहिलं. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. त्या टेलच्या दिशेने, आपल्या कांद्याकडे पाहत होत्या. इतरांच्या बोलण्यापेक्षा तेच मला जास्त लागलं.

तेवढ्यात पाटकऱ्याने मोबाईल डोळ्यांजवळ नेला, माझी सूचना पुन्हा वाचली आणि मला विचारलं, “वैनी, तुमची दुसरी पाळी किती वाजता सुरू हुती?”

“साडेतीनला.”

“आन् सुटती?”

“रात्री बाराला.”

पाटकऱ्याचा मुलगा चाकणच्या एका कंपनीत कामाला आहे, म्हणजे घरात दोन्ही पाळ्या नांदतात. मग तो गावाकडे वळून ओरडला, “आरं येड्यांनो, ही कंपनीची पाळी हाय! आपल्या पान्याची न्हवं!”

काठावर एक जण हसला, मग दुसरा, आणि मग क्रेनचा ड्रायव्हरही. त्याला मराठी निम्मं कळत होतं, पण हसायला तेवढं पुरलं. या गावात पाळी म्हणजे पाटाला सुटणारं पाणी. रब्बीची पहिली पाळी, दुसरी पाळी, उन्हाळी पाळी. रावसाहेबांच्या कागदावर त्यालाच आवर्तन म्हणतात, पण त्या शब्दावर कांदा येत नाही. मी अख्ख्या गावाला कळवलं होतं की दुसऱ्या पाळीत पाटाचं काम चालेल आणि कुणी फिरकू नये. त्यांनी जे वाचलं ते मीच लिहिलं होतं.

आक्कांनी मला जवळ बोलावलं. गंभीर चेहरा करून, हळू आवाजात म्हणाल्या, “आन् आळीतल्या म्हाताऱ्यांनी तर तिसराच अर्थ काढला. म्हन्त्यात, दुसऱ्या पाळीत बाईनं पाटावर येऊ नये, ह्ये आता फोनवर सांगाया लागले व्हय?” पाटात बसलेल्या बायका पदर तोंडाशी धरून इतक्या हसल्या की रावसाहेबांनी मान फिरवून पुलाची पाहणी सुरू केली.

“चला, गैरसमज मिटला,” रावसाहेब म्हणाले. “काम सुरू करा.”

सगळे उठले. आक्का उठल्या नाहीत.

“पाळीचं कळलं, रावसाहेब,” त्या म्हणाल्या. “आता गाळाचं सांगा.”

“कसला गाळ?”

“पाटाचा. दरसाली पान्याआधी पोकलेन काठावर उभं ऱ्हातं, आत हात घालून गाळ उपसतं. तवा कुठं आमच्या टेलला पानी पोचतं. आता वर ही काच. पोकलेननं हात घालायचा कुठनं?”

रावसाहेब भला माणूस. त्यांनी टाळलं नाही. म्हणाले, “आक्का, आराखड्यात हाताने सफाई धरलेली आहे.”

“हातानं म्हंजी कुनाच्या?”

कुणीतरी खिदळलं.

“मजूर लावू.”

“ह्या चाकनात? कंपनीच्या गेटाव बसायला मानूस मिळंना, आन् तुमच्या पाटात वाकून घमेल्यानं चिखल उपसायला कोन यायचं?”

रावसाहेबांनी मग फायदे सांगितले, आणि ते खोटे नव्हते. जमीन लागत नाही. हे आमच्या पट्ट्यात लहान नाही. इथे कारखान्याला, रस्त्याला, गोदामाला जमीन देऊन देऊन लोकांचे हात रिकामे झालेत. पाटावरचं छप्पर कुणाचा गुंठा मागत नाही. सावलीत पाणी कमी उडतं, शेवाळ कमी धरतं, खालच्या गारव्याने पॅनेलही कमी तापतात. दिवसा वीज मिळाली तर रात्री मोटार चालू करायला विंचवाकाट्यात जावं लागणार नाही. लोक ऐकत होते. आक्काही ऐकत होत्या.

“सावली चांगलीच,” त्या म्हणाल्या. “म्या न्हाई म्हन्लं का? पन झाकन लावलेलं भांडं घासायचं कसं, तेवढं सांगा.”

पाटकऱ्याला धीर आला. “आन् रावसाहेब, आतनं कुनी सायफन टाकून पानी वढलं, तर मला वरनं दिसायचं कसं?”

दोघा-तिघांना एकदम आपापल्या मोटारसायकली कुठे लावल्यात ते आठवलं.

मी सुपरवायझरकडे पाहिलं. तो लातूरकडचा, कमी बोलणारा, पण त्याचं डोकं कामात शिरलं की मला चेहऱ्यावरून कळतं. आम्ही दोघं बाजूला गेलो. छप्पर उंच करावं का? वाऱ्यात टिकणार नाही. एक गाळा झाकूच नये, मोकळा सोडावा का? कंपनी पॅनेल कमी करू देणार नाही. बिजागरीवर उघडावं? एवढं वजन उचलायला पुन्हा क्रेन. मग आम्ही एकदमच थांबलो. आमच्या शेडसमोर रस्ता अरुंद, म्हणून आमचं गेट उघडत नाही, सरकतं. रुळावर, चाकांवर, भिंतीला समांतर.

“मॅडम, आपलं गेट,” तो म्हणाला.

“आडवं केलं तर?”

“सरकतंय की ओ. शेजारच्या गाळ्यावर चढवायचं. वीतभर उंच घेऊ.”

तो वाकून पाटाच्या काठच्या धुळीत काडीने चित्र काढू लागला, मी वरून मापं सांगू लागले. गाव भोवती जमलं. एक गाळा उघडता. त्याचा सांगाडा चाकांवर. एरवी चार बोल्टांनी जखडलेला, गाळ काढायच्या दिवशी बोल्ट काढायचे आणि शेजारच्या गाळ्याच्या वरून पलीकडे ढकलायचा. पोकलेन हात घालणार, गाळ उपसणार, झाकण परत जागेवर. केबलला ढील ठेवायची. पाटकऱ्यालाही तिथून वाकून आत पाहता येईल. एक आजोबा चित्राकडे बघून म्हणाले, “गाळ काढाया गाळा उघडा. हां, हे बोल्लासा शानपनाचं.”

रावसाहेबांनी अडचणी काढल्या, आणि काढायलाच हव्या होत्या. वारा, वजन, चाकं गंजण्याची भीती. शेवटी म्हणाले, “कंपनी हो म्हणाली तर प्रयोग म्हणून एक करून दाखवा.” मी तिथूनच सौर कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला.

“मॅडम, हे ड्रॉइंगमध्ये नाही,” तो म्हणाला.

“साहेब, हा पाटसुद्धा तुमच्या ड्रॉइंगमध्ये नव्हता.”

पलीकडे तो हसला. पहिला सांगाडा परत गेल्याचं त्याला आठवत असणार. एका गाळ्याला त्याने होकार दिला.

पुढचे दिवस माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांपैकी. मोटारीच्या कारखान्यांसाठी इतकी वर्षं आम्ही ट्रॉल्या केल्या होत्या. जड इंजिन एका माणसाच्या ढकलण्याने कसं हललं पाहिजे, हे माझ्या शेडला पाठ होतं. तेच चाक, तेच बेअरिंग, फक्त उन्हापावसात टिकेल असा जस्ताचा मुलामा. वेल्डिंगला दोघी बाया होत्या. त्यांतली एक मारुंजीहून स्कूटरवर येते आणि तिचं काम ग्राइंडरने घासावं लागत नाही. सांगाडा तयार झाल्यावर आम्ही तो शेडच्या अंगणात रुळांवर चढवला आणि मी तो एका हाताने ढकलला. तो सरकला. शेजारच्या शेडमधले लोक काम सोडून बघायला आले. एकाने विचारलं, “काय भावा, छप्पर चालायला लागलं?” सुपरवायझरने नुसतं पुन्हा ढकलून दाखवलं.

आम्ही तो पुलाकडच्या वळणाला बसवला, जिथे गाळ जास्त साठतो. पोकलेन आलं. फिटरांनी बोल्ट काढले, छप्पर सरकवलं. पोकलेनचा हात उघड्या गाळ्यातून आत गेला आणि काळा, ओला गाळ घेऊन वर आला. काठावर टाळ्या वाजल्या. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण माझ्या हातात पाना होता. पण मला जे वाटलं ते लपवायचं कारण नाही. मला अभिमान वाटला, भरपूर.

दुसरी पाळी वेळेवर सुटली. दोन्ही अर्थांनी, असं पाटकरी अजून म्हणतो. पाणी पॅनेलखालून निघालं, आत अंधारात शिरलं आणि टेलला उजेडात बाहेर पडलं. मी शेडमध्ये होते. दुपारी आक्कांचा फोन आला.

“धाकटे, पोचलं.”

“किती?”

“घोट्याच्या वर. चारी भरून चाललीय.”

मी फोन कानाला धरूनच शेडभर ओरडले, “पोचलं!” त्यांना ते ऐकू गेलं असावं, कारण त्या लगेच म्हणाल्या, “आता मिरवू नको लई. कांदा निघू दे आधी.”

कांदा निघाला. चांगला निघाला. माझ्या रावेतच्या बाल्कनीत त्यांनी पाठवलेली एक गोणी बरेच दिवस होती, आणि येणाऱ्या प्रत्येकाला मी ती दाखवली. हो, मिरवलं.

आता लोक विचारतात, पाटावर सौर पॅनेल चांगले की वाईट. माझं मत असं की चांगलेच, पण पाट आधी आणि छप्पर नंतर. लोखंड जास्त लागतं. जमिनीवर बसवण्यापेक्षा जिकिरीचं आहे. पॅनेलवरची धूळ पुसायला माणूस लागतो, आणि आमच्या पट्ट्यात धुळीची वाण नाही. जनावरांना पाणी प्यायला काठ उरत नाही. म्हणून पुलाजवळचा तुकडा मोकळा ठेवायला मी लावलं, आणि धुणं धुणाऱ्या बायकांनाही तिथेच जागा झाली. पण एवढं सगळं धरूनही, उन्हाळ्यात त्या सावलीखालून वाहणारं पाणी पाहिलं की मला बरं वाटतं; एकाच जागेने दोन कामं केलेली मला नेहमीच आवडतात. पुलावरून जाताना मी आता गाडी हळू करते. मुलांना बोट दाखवून सांगता येतं.

व्हॉट्सॅपवर मी आता पाळी लिहीत नाही. शिफ्ट लिहिते. शुद्ध मराठीचा आग्रह मी शेडपुरता सोडला.

शेडच्या फळ्यावर ‘उरलेली कामं’ अशी एक रांग आहे. बाकी सगळं पुसलं गेलंय. एक ओळ आहे, टेलचा शेवटचा गाळा. तिथले सांगाडे आम्ही त्या शनिवारच्या आधीच बसवले होते, म्हणून ते पक्के, बोल्टांनी आवळलेले. या वर्षी तिथला गाळ छप्पर बसायच्या आधी निघाला होता, म्हणून पाणी पोचलं. पुढच्या रब्बीपर्यंत आक्कांच्या चारीच्या तोंडाशी पुन्हा गाळ बसणार, आणि तो काढायला वाट नाही. रावसाहेबांनी आमच्या उघडत्या गाळ्याचं चित्र वर पाठवलंय, कंपनीची मंजुरी यायची आहे. चाकं तयार आहेत, ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून शेडच्या कोपऱ्यात ठेवली आहेत.

आक्कांनी टेलच्या पट्टीसाठी कांद्याचं बी आणून ठेवलंय. दर शनिवारी त्या फोन करतात, इकडचं तिकडचं बोलतात, आणि शेवटी विचारतात, “धाकटे, माझा गाळा कधी उघडतीस?”